लाल रेघ आणि चौकडीचं कापड

वेगवान गाडी म्हटलं की डोळ्यांपुढे एक ठरलेलं चित्र येतं. जमिनीला टेकलेली, दोनच माणसांची, आत शिरताना आधी डोकं घालावं की पाय असा प्रश्न पाडणारी. ती रविवारची गाडी. तिला पाऊस चालत नाही, खड्डा चालत नाही, मागे कुणी बसलेलं चालत नाही. हॅचबॅकचं सगळं याच्या उलट. ती आठवड्याच्या सातही दिवसांची. मारुती 800 पहिल्यांदा 1983 मध्ये रस्त्यावर आली, तेव्हापासून आपल्याकडच्या मध्यमवर्गानं शाळा, दवाखाना, लग्नकार्य आणि मे महिन्यातलं कोकण हे सगळं अशाच छोट्या गाड्यांतून उरकलं. त्या गाडीला आपण एकच प्रश्न विचारत आलो, ॲव्हरेज किती देते?

म्हणूनच ज्यांनी या घरच्या गाडीत शर्यतीचा जीव घातला, त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. हे काम त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. फोक्सवॅगनच्या वोल्फ्सबुर्गच्या कारखान्यात 1973 साली आल्फोन्स लोवेनबर्ग नावाचा एक इंजिनिअर होता. आपल्या कंपनीनंही एखादी खरीखुरी चपळ गाडी काढावी, असं पत्र त्यानं काही सहकाऱ्यांना लिहिलं. दिवस वाईट होते. त्याच वर्षी पुढे तेलाचे भाव भडकले, बीटलचा जमाना सरत आला होता, कंपनी अडचणीत होती. अशा वेळी वेगाची भाषा करणं कुणाला पटणार? पण चेसिसवाला हेर्बर्ट शुस्टर आणि प्रसिद्धी विभागाचा आंटोन कोनराड असे चारदोन जण त्याच्या बाजूला आले. कामाचे तास संपल्यावर, वरिष्ठांची रीतसर मंजुरी नसताना, ही मंडळी नमुने करत राहिली. पहिला नमुना फार कर्कश आणि आडदांड निघाला. मग त्यांनी तो निवळला, मऊ केला, रोज वापरता येईल असा केला. मला हा टप्पा सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. आडदांड गाडी कुणालाही करता येते. ती सोमवारी सकाळी ऑफिसला नेता येईल अशी करायला अक्कल लागते.

1975 च्या सप्टेंबरमध्ये फ्रँकफुर्टच्या मोटार प्रदर्शनात ती गाडी लोकांपुढे आली, गोल्फ जीटीआय. पुढच्या वर्षी विक्री सुरू झाली. साध्या गोल्फची इंजिनं सुरुवातीला 50 आणि 70 अश्वशक्तीची होती, हिचं 1.6 लिटरचं इंजिन 110 ची ताकद देत होतं, कारण कार्ब्युरेटर काढून तिथे पेट्रोल मोजून फवारणारं इंजेक्शन बसवलं होतं. वजन जेमतेम 810 किलो. वेग ताशी 182 किलोमीटरपर्यंत. जर्मनीतल्या ऑटोबानवरची डावी लेन तेव्हा मोठ्या, महागड्या गाड्यांची मानली जाई. त्या लेनमध्ये आरशात एक चौकोनी, साधी, घरगुती गाडी दिसू लागली आणि ती जवळ जवळ येत राहिली. कंपनीचा अंदाज 5,000 गाड्या खपतील असा होता. पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांहून अधिक खपल्या.

बाहेरून ही गाडी साध्या गोल्फहून वेगळी ओळखायची कशी? पुढच्या जाळीभोवती एक बारीक लाल रेघ, चाकांवर काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्या, मागच्या काचेभोवती काळी कड. बस्स. ना मोठा पंख, ना भडक चित्रकारी. ज्याला कळायचं त्याला कळेल आणि बाकीच्यांना आपण गोल्फ पाहिली एवढंच वाटेल, असा तिचा बाणा होता. ती लाल रेघ पन्नास वर्षांनीही जाळीवर आहे, आता ती दोन्ही दिव्यांच्या आतपर्यंत जाते.

आठव्या पिढीची सुधारलेली गोल्फ जीटीआय मे 2025 मध्ये भारतात आली. पूर्ण तयार होऊन परदेशातून येते, तेव्हा किंमत शोरूमलाच 53 लाखांच्या घरात होती. पहिली दीडशे गाड्यांची खेप किंमत जाहीर व्हायच्या आधीच संपली. त्यातली एक माझ्या आतेभावाकडे आली. त्यानं तिच्यासाठी किती वर्षं पैसे बाजूला टाकले ते मला माहीत आहे, म्हणून किंमत ऐकून नाक मुरडणाऱ्यांच्या रांगेत मी उभी राहत नाही. तिच्याबद्दल लिहायचं ते मात्र किमतीपासून सुरू करायचं नाही, असं ठरवलं होतं.

सुरुवात आतल्या कापडापासून करते, कारण तिथेच माझी नजर अडकली. महागड्या गाडीत चामड्याच्या सीटा असतात अशी आपली समजूत. हिच्या पुढच्या सीटा गच्च मिठी मारणाऱ्या आहेत, दोन्ही कडा उंच, वळणावर माणूस सरकू नये म्हणून. पण त्यांच्या मधोमध चामडं नाही, चौकडीचं कापड आहे. काळ्या-करड्या चौकोनांतून लाल धागा गेलेला. आत्या पहिल्यांदा गाडीत बसली तेव्हा तिनं सीटवरून हात फिरवला आणि म्हणाली, "अगं, आईकडे अगदी असं चौकडीचं लुगडं होतं. सणाला नाही, रोज नेसायची ती."

रोज नेसायचं. आत्याला माहीत नव्हतं, पण गुनहिल्ड लिल्येक्विस्त या बाईंना ते ऐकून बरं वाटलं असतं. पोर्सिलेनवर चित्रं काढण्याचं शिक्षण घेतलेल्या, चॉकलेटच्या खोक्यांचीही सजावट केलेल्या या बाई 1964 मध्ये फोक्सवॅगनच्या कापड आणि रंग विभागात आल्या. मोटारीच्या धंद्यात तेव्हा अशा जागी बाया फारशा नव्हत्या. जीटीआय आतून कशी दिसावी हे ठरवायची वेळ आली तेव्हा त्यांना ब्रिटनच्या प्रवासात पाहिलेली चौकडीची कापडं आठवली. काळा रंग खेळाडू गाडीचा, पण नुसता काळा उदास करतो; म्हणून त्यात रंगाची चौकट. आणि गिअरच्या दांड्यावर गोल्फच्या चेंडूसारखी मूठ बसवायची कल्पनाही त्यांचीच. पुरुषांनी इंजिन घडवलं, चेसिस घडवली, त्याच्या कथा दर वर्धापनाला छापून येतात. पण गाडीत बसणाऱ्याचं अंग पन्नास वर्षं ज्याला टेकलं, ते या बाईंचं काम. मला ते इंजिनाइतकंच टिकाऊ वाटतं.

आत्याची आणि या गाडीची गट्टी जमली हे खरं. पाच दारं, पाच माणसं, 380 लिटरची डिकी. मार्केट यार्डातून आठवड्याची भाजी, नारळ, तांदळाचं पोतं असं सगळं मागे बसतं आणि वर आडवी फळी टाकली की काही दिसतही नाही. लांबी सव्वाचार मीटरच्या आसपास, म्हणजे सोसायटीच्या पार्किंगमध्ये ती शेजारच्या कुणाच्याही गाडीपेक्षा जास्त जागा मागत नाही. एरवी शांतपणे चालवली तर ती एखाद्या समजूतदार गाडीसारखीच चालते. फक्त ती जरा खाली बसलेली आहे, त्यामुळे आमच्या गल्लीतल्या बेताल स्पीडब्रेकरवर तिला तिरकी घ्यावी लागते, एक चाक आधी, मग दुसरं. टायर रुंद, त्यांची भिंत ठेंगणी, म्हणून खड्डा आला की तो तुम्हाला कळतोच.

इंजिन दोन लिटरचं, टर्बो असलेलं, 265 अश्वशक्तीचं. पन्नास वर्षांपूर्वीच्या पहिल्या जीटीआयच्या जवळजवळ अडीच पट. सायलेन्सरकडे निघालेल्या गरम वायूंनी एक चक्री फिरते, ती चक्री हवा दाबून पुन्हा इंजिनात भरते, जास्त हवेबरोबर जास्त पेट्रोल जळतं. टर्बोचं हे तत्त्व जुनं आहे. पूर्वी मात्र पाय दाबल्यावर क्षणभर काहीच होत नसे आणि मग एकदम धक्का बसे. इथे 370 न्यूटन-मीटरची ओढ 1,600 फेऱ्यांपासूनच मिळते, म्हणजे गाडी जेमतेम सरकू लागली की लगेच. शून्यापासून शंभरपर्यंत 5.9 सेकंद. हा आकडा मी लिहिला खरा, पण आपल्या रस्त्यांवर तो वापरायची जागा नाही आणि वापरूही नये. या गाडीची खरी गंमत वेगाच्या आकड्यांत नाहीच, ती वळणात आहे. ते कळायला मला ताम्हिणीपर्यंत जावं लागलं.

पावसाळा संपून गवत पिवळं पडू लागलेलं, भल्या सकाळची वेळ. पौड मागे टाकून मुळशीच्या पाण्याच्या कडेकडेनं आम्ही घाटात पोचलो, विळ्यापर्यंत उतरलो, चहा घेतला. परतीला आतेभावानं किल्ली माझ्या हातात दिली. "ताई, घाई करू नकोस. फक्त वळणातून बाहेर पडताना पाय दाब आणि स्टिअरिंगकडे लक्ष दे." सुरू करायचं बटण लाल प्रकाशात धडधडत असतं, ते दाबलं की थांबतं आणि इंजिन जागं होतं.

आता पुढच्या चाकांवर चालणाऱ्या ताकदवान गाडीचं एक जुनं दुखणं सांगायला हवं. पुढची चाकं वळवायचीही आणि ओढायचंही काम करतात. चढावरच्या आवळ वळणात गाडीचा भार बाहेरच्या बाजूला जातो, आतलं चाक हलकं होतं. अशा वेळी पाय दाबला तर ताकद जिथे पकड नाही त्या आतल्या चाकाकडून वाया जाते. ते चाक जागच्या जागी गरगरतं, रबर करपल्याचा वास येतो आणि बाहेरचं चाक, ज्याला पकड आहे, ते उपाशी राहतं. साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं, म्हणून एक घसरलं की दुसऱ्याचाही जोर गेला. मग गाडी वळायचं सोडून सरळ, दरीच्या बाजूला ओढ घेऊ लागते. आपण पाय काढतो, वाट पाहतो, पुन्हा दाबतो. माझ्या स्वतःच्या गाडीत मी कित्येक वर्षं हेच करत आले.

गोल्फ जीटीआयमध्ये या डिफरन्शियलला क्लचच्या चकत्यांची एक गड्डी जोडलेली आहे आणि ती किती आवळायची हे संगणक ठरवतो. आतलं चाक हलकं होतंय असं दिसताच चकत्या आवळल्या जातात आणि ताकद बाहेरच्या चाकाकडे वळते. कागदावर हे एका वाक्यात संपतं. हातात काय होतं ते सांगते. ते यू आकाराचं वळण होतं, डावीकडे कातळ, उजवीकडे कठडा, वेग ताशी पस्तीसएक असेल. समोरून काही येत नाही याची खात्री केली, मधोमध पोचल्यावर हळूच पाय दाबला आणि सवयीनं वाट पाहू लागले की आता नाक बाहेर जाणार. नाक आत आलं. बाहेरचं चाक जणू पुढे होऊन गाडीला कठड्यापासून दूर खेचू लागलं. स्टिअरिंगमध्ये किंचित जिवंत हालचाल आली, हात एकमेकांवरून घ्यावेच लागले नाहीत, कारण या गाडीचं स्टिअरिंग जितकं जास्त वळवावं तितकं ते झपाट्यानं काम करतं. आणि मग सरळ रस्ता, आणि तिसरा गिअर. वेग चाळिशीतलाच. मागून येणाऱ्या दुधाच्या टेम्पोवाल्याला त्यात काहीच विशेष दिसलं नसेल.

त्या दिवशी मला पटलं, चांगली गाडी चालवण्याचा आनंद वेगाच्या आकड्यावर अवलंबून नसतो. आपण मागितलं आणि यंत्रानं नेमकं तेवढंच दिलं, या देवघेवीत तो असतो. ती देवघेव पस्तीसच्या वेगातही होते. ताम्हिणीत दर पावसाळ्यानंतर तुटलेले कठडे दिसतात, त्यांच्यामागे कुणाचा तरी वेग असतो. ज्या गाडीला आनंद द्यायला दीडशेचा वेग लागतो ती आपल्या घाटांसाठी नाही. ही आहे.

एका गोष्टीची मला खरोखर हळहळ वाटते. या सुधारलेल्या जीटीआयमध्ये क्लचचं पेडल नाही, जगात कुठेच नाही. गिअरचा दांडाही नाही. त्याजागी दोन बोटांत धरायचा एक छोटासा बटणवजा खटका. सात गिअरची डीएसजी पेटी आपोआप गिअर बदलते. ती वाईट आहे असं मी म्हणणार नाही. हिच्यात दोन क्लच असतात, एकाकडे एक-तीन-पाच-सात, दुसऱ्याकडे दोन-चार-सहा. तुम्ही तिसऱ्यात असताना चौथा आधीच तयार उभा असतो, त्यामुळे बदल होतो तो पापणी लवायच्या आत. 2003 मध्ये गोल्फ आर32 मधून हीच कंपनी ते तंत्र पहिल्यांदा रस्त्यावर घेऊन आली होती. पुण्याच्या संध्याकाळच्या गर्दीत, सिंहगड रोडवर, डाव्या पायाला विश्रांती देणाऱ्या या पेटीला मी दुवाच देईन. पण घाटात, वळणाआधी, तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकताना एकाच पायाची टाच आणि चवडा ब्रेक आणि ॲक्सिलरेटरवर नाचवायचा, ते कौशल्य वर्षानुवर्षं शिकावं लागतं आणि शिकल्यावर कायमचं अंगात राहतं. ते आता या गाडीत निरुपयोगी झालं. आणि दांडाच गेल्यावर लिल्येक्विस्तबाईंचा चेंडू कुठे बसवणार? त्यांचं कापड उरलं, चेंडू गेला.

एका बाबतीत मात्र कंपनीनं माघार घेतली आणि बरं केलं. या पिढीच्या पहिल्या आवृत्तीत स्टिअरिंगवरची बटणं खरी नव्हती, नुसता स्पर्श ओळखणारा गुळगुळीत पृष्ठभाग होता. वळणात हात फिरवताना तळवा लागला की आवाज कमीजास्त व्हायचा. जगभरातल्या ग्राहकांनी ओरड केली. सुधारलेल्या आवृत्तीत दाबायची, बोटाला न बघता सापडणारी बटणं परत आली. मधला पडदा तेवढा मोठा, 12.9 इंचांचा, आणि बरंचसं काम त्यातच. गाडी चालवणाऱ्यानं डोळे रस्त्यावर ठेवायचे असतात, हे इतकं साधं तत्त्व पुन्हा पुन्हा का विसरलं जातं मला समजत नाही.

आता किमतीकडे येते. 1976 ची जीटीआय स्वस्त नव्हती, पण पगारदार माणसाच्या आवाक्यात होती. एका बऱ्या नोकरीतल्या तरुणाला तिची स्वप्नं पडू शकत होती आणि ती खरीही व्हायची. तिचं सगळं मोठेपण त्यात होतं. आपल्याकडे 2025 मध्ये आली तेव्हा ती आयात करामुळे 53 लाखांची झाली. 2018 पासूनच्या सवलतीनं कंपन्यांना वर्षाला ठरावीक संख्येपर्यंतच गाड्या इथे नव्यानं प्रमाणित न करता आणता येतात. म्हणजे ती इथे संग्राहकाची वस्तू झाली. आतेभावाच्या सोसायटीतली पोरं तिच्याभोवती उभी राहून फोटो काढतात तेव्हा मला अभिमानाबरोबर थोडं वाईटही वाटतं. ही पोरं तिच्यात बसतील, चालवणार नाहीत.

आणि हे सगळं चाकणच्या इतक्या जवळ! फोक्सवॅगनचा तिथला कारखाना 2009 मध्ये उघडला आणि त्यातून पुढची बाराएक वर्षं पोलो बाहेर पडत राहिली. तिची शर्यत आवृत्ती घेऊन 2010 मध्ये पोलो कप सुरू झाला, आपल्या कित्येक तरुणांनी चेन्नई-कोईमतूरच्या ट्रॅकवर बंद गाडीतली शर्यत पहिल्यांदा अनुभवली ती तिथे. 2013 ची पोलो जीटी टीएसआय तर 1.2 लिटरचं टर्बो इंजिन आणि डीएसजी पेटी घेऊन आली, 105 अश्वशक्तीची. आज ऐकून कमी वाटेल, पण पुण्यातली एक अख्खी पिढी तिच्यावर जीव टाकत होती; वरंध घाट, ताम्हिणी, खंबाटकीचा जुना रस्ता, सगळीकडे पहाटे पोलोच पोलो. 2022 मध्ये तिचं उत्पादन थांबलं. त्या दिवशी अनेकांनी आपापल्या जुन्या पोलो विकायचा विचार कायमचा सोडून दिला, माझ्या ओळखीतच असे दोघं आहेत. टाटांनी 2024 मध्ये अल्ट्रोझ रेसर आणली, 120 अश्वशक्ती, सहा गिअर, क्लचचं पेडल शाबूत. दिशा अगदी बरोबर होती आणि मला त्या प्रयत्नाचं कौतुक आहे. फक्त ताकद वाढवली की काम संपत नाही, ती जमिनीपर्यंत नीट पोचवावी लागते.

आपल्या इंजिनिअरांना हे जमणार नाही असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पिंपरी, चाकण, रांजणगाव या पट्ट्यात जगाला पुरतील इतके सुटे भाग तयार होतात, चाचणीच्या गाड्या रोज आमच्या डोळ्यांदेखत काळ्या-पांढऱ्या नक्षीचे बुरखे पांघरून घाटात जातात. लोवेनबर्गनं कामाच्या वेळेबाहेर जे केलं ते करणारी मंडळी तिथेही असणारच. त्यांच्या वरिष्ठांनी थोडं दुर्लक्ष करावं. मला सनरूफ नको, रंगीत दिव्यांच्या पट्ट्या नकोत, भिंतीएवढा पडदा नको. हजार-अकराशे किलो वजन असावं, दीडशेच्या आसपास अश्वशक्ती, तीन पेडलं, हाताला ठोस लागणारा गिअरचा दांडा. मागचं सस्पेन्शन साधं असलं तरी चालवून घेऊ. पण पुढच्या डिफरन्शियलला खरं, यांत्रिक लॉक द्या, नुसतं ब्रेक लावून वेळ मारून नेणारं नको.